ऊसतोडीचे फड, मुकादम आणि बालकांचे लसीकरण

दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतील कित्येक गावांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिमेकडील साखर कारखान्यांकडे निघतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्या काळात हजेरीपटावरील किती नावांपुढे गैरहजेरीची खूण पडते, हे शिक्षकांस निराळे सांगावयास नको. येथे विचार करावयाचा आहे तो त्या मुलांच्या धाकट्या भावंडांचा.

प्रथम वेळापत्रक पाहू. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या वयात व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात द्यावयाची असते. फेब्रुवारीत फडावर जन्मलेले मूल नऊ महिन्यांचे होते ते नोव्हेंबरात, म्हणजे टोळी पुन्हा निघून गेल्यावर. ऑगस्टात गावी जन्मलेल्या मुलास सहाव्या आठवड्याची लस गावीच मिळते. दहाव्या आठवड्याची निघण्याच्या गडबडीत हुकते आणि चौदाव्या आठवड्याची वेळ कोपीत येते. गावच्या आशाताईंच्या वहीत ते स्थलांतरित ठरते आणि जेथे कोपी उभी राहिली तेथील वहीत त्याचे नावच नसते.

वास्तविक ही लस कोणत्याही सरकारी केंद्रावर विनामूल्य मिळते. रहिवासाचा दाखला लागत नाही. मग अडते कोठे? अडते ते खाड्याशी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई पहाटेच फडात जाते. लसीकरणाचे सत्र भरते दिवसा, उपकेंद्रात. ती तिकडे गेली तर कोयत्याचा खाडा पडतो व उचलीच्या हिशेबात तो कापला जातो. अशा स्थितीत आईस अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे.

पोलिओच्या वेळी हे कोडे सुटले होते, कारण तोंडात टाकावयाचे थेंब घेऊन कार्यकर्ते कोप्यांपर्यंत जात. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. गोवराच्या लसीचे तसे नाही.  कुपी एकदा कालवली की चार तासांच्या आत संपवावी लागते आणि एका कुपीत अनेक मात्रा असतात. म्हणून मुले ठरल्या वेळी एकत्र जमली पाहिजेत. त्यांना जमवू शकणारा मनुष्य एकच, तो म्हणजे मुकादम.

एका गावी मी पाहिलेली हकीकत सांगतो. कालव्यापलीकडे टोळी उतरली होती. आरोग्यसेविका दोनदा आल्या. कोप्यांत म्हातारी माणसे व झोळीतली पोरे एवढेच. आजीबाई म्हणाल्या, "पोराची आई आल्याबिगर सुई टोचू देणार नाही." तिसऱ्या वेळी सरपंच स्वतः मुकादमाकडे गेले. सत्र संध्याकाळी, गाडी भरून झाल्यावर, कोप्यांजवळच ठेवावे असे ठरले आणि त्या दिवशी सर्व पोरे आयांच्या कडेवर आली. सेविका त्याच, लसही तीच होती.

मुकादमास परोपकाराचे व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. एका कोपीत गोवर शिरला तर तो शेजारच्या कोपीत जावयास वेळ लागत नाही व आजारी पोराची आई कित्येक दिवस फडात येत नाही, हे त्यास समजते. सरपंचांची गोष्ट निराळी. या मजुरांचे मत त्यांच्या गावी नसते, म्हणून आठवणही राहत नाही. ती करून द्यावी लागते. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे कोणती टोळी कोठे उतरली याची यादी असते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रास मिळाली तर निम्मे शोधकाम वाचते.

शिक्षकांकडे यातील कोणताच अधिकार नाही. परंतु कोणत्या घरात किती लहान भावंडे आहेत हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. ज्या गावांतून टोळ्या निघतात तेथील शिक्षकांनी दसऱ्यापूर्वी मुकादमास शाळेत बोलवावे, आशाताईंना सोबत घ्यावे व प्रत्येक आईजवळ माता-बाल संरक्षण कार्ड आहे ना, हे पाहावे. कार्ड घरच्या पेटीत न ठेवता बरोबर नेण्यास सांगावे. ज्या गावी टोळ्या उतरतात तेथील शिक्षकांनी कोप्यांतील मुलांची नावे घेतानाच धाकट्यांची वये टिपून ती आरोग्यसेविकेस द्यावीत.

चौथीच्या वर्गात यावर गणिताचा एक पाठ घेता येतो. फळ्यावर जन्मतारखा द्याव्यात व नववा आणि सोळावा महिना कधी भरतो हे मुलांकडून काढून घ्यावे. मुले आपल्या घरच्या भावंडांच्या तारखा आपण होऊन सांगू लागतात. त्या वहीत उतरून घ्याव्यात. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्यावर कार्डे पुन्हा पाहावीत. गोवर-रुबेलाची राहिलेली मात्रा पाच वर्षे वयापर्यंत देता येते.