शुगर ग्लायडरची निगा

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी येथील अरण्यांत ओंजळीत मावेल एवढा एक करडा प्राणी राहतो. त्याला शुगर ग्लायडर म्हणतात. झाडांचा गोड रस त्याला प्रिय आहे. पुढील पायापासून मागील पायापर्यंत ताणलेल्या कातडीच्या पडद्यावर तो झाडावरून झाडावर तरंगत जातो. अशी एक झेप सुमारे ५० मीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्याकडील उडत्या खारीसारखा तो दिसतो. पण तिचे-त्याचे नाते दूरचेच. कांगारूप्रमाणे तो शिशुधान प्राणी आहे. १६ दिवसांच्या गर्भावस्थेनंतर जन्मलेले पिल्लू पुढे सुमारे ७० दिवस आईच्या पोटावरील पिशवीत वाढते.

हा प्राणी पाळण्याची आवड अनेक देशांत पसरली आहे. अमेरिकेत पाळलेल्या ग्लायडरांचे मूळ इंडोनेशियातील पश्चिम न्यू गिनीत असल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. उष्ण प्रदेशातील या जीवाला थंडी व वाऱ्याचा झोत यांपासून जपावे लागते. खोलीचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे.

अरण्यात तो कळपाने राहतो आणि ढोलीत एकमेकांना बिलगून झोपतो. म्हणून एकटा ग्लायडर कधीही पाळू नये. एकाकी पडल्यास तो स्वतःचे केस उपटतो, शेपूट किंवा पाय चावून जखमी करतो. माणसाची माया ही उणीव भरून काढू शकत नाही.

पिंजरा रुंदीपेक्षा उंचीने अधिक असावा, कारण चढणे व झेपावणे हा त्याचा स्वभाव आहे. गजांमधील अंतर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये. झोपण्यासाठी कापडी पिशवी टांगावी. मात्र तिचे सुटे धागे कापून टाकावेत. धाग्यात नख किंवा पाय अडकून गंभीर इजा होते. तो रात्री खोलीत मोकळा असताना पंखा बंद ठेवावा, पाण्याने भरलेली बादली झाकावी आणि मांजर-कुत्र्याला बाहेर ठेवावे.

आहाराविषयीचे अज्ञान सर्वांत घातक ठरते. फळे व कीटक यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस त्या मानाने अधिक असतो. केवळ त्यांवर ठेवल्यास हाडे ठिसूळ होतात, मागील पाय लुळे पडतात आणि उपचारास विलंब झाल्यास प्राणी दगावतो. म्हणून मकरंदासारखे समतोल मिश्रण, बाभूळवर्गीय झाडांचा डिंक, कॅल्शियमची पूड लावलेले कीटक आणि थोडीच फळे द्यावीत. चॉकलेट, कांदा व लसूण कटाक्षाने टाळावेत.

ग्लायडर निशाचर आहे. दिवसा त्याला झोपेतून उठवून खेळवणे म्हणजे त्याचा छळच. नवा प्राणी घाबरून कर्कश आवाज काढतो; तेव्हा त्याला बळाने धरू नये. दिवसा तो पिशवीत झोपलेला असताना ती छातीशी बाळगल्यास पाळणाऱ्याचा गंध हळूहळू त्याच्या ओळखीचा होतो.

कॅलिफोर्निया व हवाई या अमेरिकी राज्यांत त्याला पाळण्यास बंदी आहे. म्हणून प्रथम आपल्या प्रदेशातील कायदा जाणून घ्यावा आणि या प्राण्याचे ज्ञान असलेला पशुवैद्य जवळपास आहे का, तेही पाहावे. चांगली निगा राखल्यास ग्लायडर १० ते १२ वर्षे जगतो. तेवढी वर्षे त्याच्या रात्री आपल्याशा करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने हा प्राणी घरी आणू नये, हेच श्रेयस्कर.