वायफाय अडखळते? राउटर बदलण्याआधी अ‍ॅडॅप्टर बघा

वायफाय रेंगाळू लागले की घरात पहिला विषय निघतो तो नव्या राउटरचा, म्हणजे दीड-दोन हजारांचा. एवढी घाई करू नका. पुष्कळदा राउटर धडधाकट असतो, त्रास आजूबाजूच्या वस्तूंचा असतो.

२.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस अशी सगळ्यांची तिथे दाटी. मायक्रोवेव्हही तिथेच चालतो. राउटर दोन्ही पट्ट्यांचा असेल तर टीव्ही, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर घ्या. खर्च शून्य. हा पट्टा भिंतीपलीकडे लवकर ढेपाळतो, म्हणून राउटर टीव्हीमागून काढून उंचावर, मोकळ्यावर ठेवा. माउस अडखळत असेल, तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ हार्ड डिस्कला चिकटून खोचलेला आहे का पाहा. त्या जोडणीचा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात उतरतो. दोन-तीनशेच्या एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर हातभर लांब नेला की काम होते.

आता अ‍ॅडॅप्टर. राउटरचा मूळ अ‍ॅडॅप्टर गेला की आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर-दीडशेचा आणतो. यातल्या काहींत गोंगाट अडवणारा फिल्टरच गाळलेला असतो. घरी ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हवर लावा (मुंबईत अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्‌झवर) आणि अ‍ॅडॅप्टर चालू-बंद करून पाहा. अगदी जवळ नेल्यावर थोडी घरघर कोणताही अ‍ॅडॅप्टर करतो. पण खोलीच्या दुसऱ्या टोकालाही खरखर ऐकू आली तर तो संशयित समजा. स्वस्त एलईडी दिव्यांनाही हीच परीक्षा लावता येते. माझी खरी काळजी खरखरीची नाही. ज्याने फिल्टरचे दहा-वीस रुपये वाचवले, त्याने २३० व्होल्टची बाजू आणि आपल्या हाताला लागणारी बाजू यांच्यामधल्या इन्सुलेशनवर हात आखडला नसेल, असे कशावरून मानायचे? आणि ही वस्तू चोवीस तास प्लगमध्ये असते.

म्हणून खरेदी करताना लेबल वाचा. बीआयएसच्या चिन्हाखाली आर आणि पुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक हवा. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो दुकानातच टाकून पाहा, फुकट आहे. उत्पादकाचे नाव लेबलशी जुळले नाही तर वस्तू परत ठेवा. व्होल्ट जुन्याइतकेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, पिनची ध्रुवता तीच. नोंदणी असलेला अ‍ॅडॅप्टर साधारण तीन-चारशेला पडतो. शे-दोनशे जास्त गेले तरी ते इथेच घाला.

मोबाइलची रेंज वाढवणारा बूस्टर मात्र घेऊच नका, ऑनलाइन सर्रास दिसत असला तरी. परवानगीशिवाय तो लावणे बेकायदा आहे. त्याचा गोंगाट टॉवरपर्यंत पोहोचतो आणि परिसरातल्या सगळ्यांचे कॉल तुटतात, कुणी रुग्णवाहिका बोलावत असेल त्याचाही. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. बहुतेक फोनमध्ये ते असते आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

अ‍ॅडॅप्टरचे बिल मात्र पक्केच घ्या, त्यावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या. खोटा नोंदणी क्रमांक आढळला तर बीआयएस केअरमधूनच तक्रार करता येते. दुकानदार पैसे परत देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही.