व्हॅन दुसऱ्याच गिअरमध्ये का अडकते?

प्रश्न : आमच्याकडे १९९९ची डॉज ग्रँड कॅरव्हॅन आहे. ३.३ लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक. मुलं लहान होती तेव्हापासूनची गाडी, त्यामुळे मोडीत काढवत नाही. हल्ली हायवेवर चालता चालता ती एकदम हिसका देते, इंजिन ओरडायला लागतं आणि काही केल्या वरचा गिअर पडत नाही. कडेला घेऊन बंद केली आणि पुन्हा चालू केली, की काही झालंच नाही अशा थाटात पळते. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स गेला, दुसरा टाका. मला तीन गोष्टी कळत नाहीत. ती दर वेळी दुसऱ्याच गिअरमध्ये का अडकते? किल्ली फिरवून बरी कशी होते? आणि गिअरबॉक्स खरंच गेला असेल का?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नीट लागली, की तिसऱ्याचं उत्तर शोधायची वाट आपोआप सापडते. म्हणून क्रमानेच जाऊ.

तुमच्या व्हॅनमधला गिअरबॉक्स क्रायस्लरचा ४१टीई. १९८९च्या मॉडेलांत तो ए६०४ या नावाने आला, तेव्हा त्याला ‘अल्ट्राड्राइव्ह’ म्हणत. त्याआधीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा हे मुख्यतः तेलाचा दाब ठरवायचा. इथे तो निर्णय कॉम्प्युटर घेतो. आत क्लचचे पाच संच आहेत. चार सोलेनॉइड कॉम्प्युटरच्या हुकमानुसार तेलाला वाट देतात किंवा अडवतात. ठरावीक दोन क्लच एका वेळी आवळले गेले की एक गिअर तयार होतो.

काहीतरी बिनसलंय असा कॉम्प्युटरला संशय आला, की तो एका रिलेमार्फत चारही सोलेनॉइडचा वीजपुरवठा तोडतो. वीज नसताना तेल ज्या वाटेने जातं, त्या वाटेवर अंडरड्राइव्ह आणि २-४ हे दोन क्लच आवळले जातात. त्या जोडीचा गिअर म्हणजे दुसरा. गिअरबॉक्सची रचनाच मुळात तशी केलेली आहे. मेकॅनिक मंडळी याला लिंप मोड म्हणतात. पार्क, न्यूट्रल आणि रिव्हर्स तेवढे चालू राहतात, कारण तिथली झडप तुमचा लिव्हर केबलने थेट सरकवतो; विजेचा तिथे संबंध नाही.

आता दुसराच का? या गिअरबॉक्सची गुणोत्तरं २.८४, १.५७, १.०० आणि ०.६९ अशी आहेत. हायवेवर अचानक पहिला पडला तर इंजिनाचे फेरे धोक्याच्या रेषेपलीकडे जातील. चौथाच राहिला तर सिग्नलवरून किंवा चढावर गाडी जागची हलणं मुश्कील. दुसऱ्यात गाडी सुटतेही आणि हळूहळू गॅरेजपर्यंत पोचतेही. इंजिन का ओरडतं तेही या आकड्यांतच आहे. चौथ्यात इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला दुसऱ्यात साडेचार हजारांच्या घरात फेरे लागतात.

थोडक्यात, दुसऱ्यात अडकणं हा बिघाड नव्हे, ती बिघाडाची वर्दी आहे. घरातला एमसीबी पडला म्हणून कुणी एमसीबी बदलून मोकळं होत नाही, तसंच हे.

किल्लीची गंमतही याच्याशीच जोडलेली आहे. दर वेळी गाडी चालू करताना कॉम्प्युटर सोलेनॉइड आणि त्यांच्या तारा तपासतो. त्या घडीला सगळं ठीक दिसलं तर वीज पुन्हा सोडतो आणि चारही गिअर मिळतात. म्हणून गाडी नेमकी कधी अडकते, ही माहिती लाखमोलाची. चालू करता क्षणीच अडकत असेल तर दोष बहुधा विजेचा : तार, कनेक्टर, रिले किंवा सोलेनॉइड. ठरावीक गिअर पडतानाच अडकत असेल, किंवा गाडी तापल्यावरच, तर संशय क्लचवर जातो. आणि कधीही, कुठेही, रस्त्यातला खड्डा लागल्यावरसुद्धा अडकत असेल, तर वेगाचे सेन्सर आणि त्यांचे कनेक्टर आधी बघायचे.

या सेन्सरांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुष्कळदा खरी गोम तिथे असते. गिअरबॉक्सवर दोन सेन्सर आहेत. एक आत येणाऱ्या शाफ्टचा वेग मोजतो, दुसरा बाहेर पडणाऱ्याचा. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.००, म्हणजे तिसऱ्यात दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. दुसऱ्यात आतला वेग बाहेरच्याच्या १.५७ पट हवा. हिशेब जुळला नाही, तर क्लच घसरतोय असं कॉम्प्युटर धरून चालतो. पण क्लच धड असून सेन्सरच मधूनमधून गप्प होत असेल, तरी कॉम्प्युटर वीज तोडणारच. तुमच्या व्हॅनमध्ये स्पीडोमीटरचा काटाही बाहेरच्या सेन्सरच्याच आकड्यावर हलतो. तेव्हा पुढच्या वेळी हिसका बसेल तेव्हा शेजारी बसलेल्याला काट्याकडे बघायला सांगा. काटा शून्यावर कोसळला किंवा नाचायला लागला, तर तो सेन्सर किंवा त्याची तार हाच पहिला आरोपी. दोन्ही सेन्सर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूला बसवलेले असतात. बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

अंदाज पक्का करायचा तो कोड वाचून. स्टार्टर न मारता किल्ली पाच सेकंदांत चालू-बंद-चालू-बंद-चालू अशी फिरवली, की तुमच्या सालच्या व्हॅनमध्ये ‘चेक इंजिन’चा दिवा उघडझाप करून दोन आकडी कोड सांगतो. चार आणि मग पाच, म्हणजे ४५ आला, तर तक्रार ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरची आहे. शेवटी येणारा ५५ म्हणजे यादी संपली. साधा स्कॅनर लावला तर हीच गोष्ट पी०७०० या कोडने कळते. बरीच गॅरेजं इथेच थांबतात. पण पी०७०० एवढंच सांगतो, की खरी तक्रार दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेली आहे. तो दुसरा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर हवा. तिथे पी०७१५ असेल तर आतल्या वेगाचा सेन्सर, पी०७२० असेल तर बाहेरच्या वेगाचा. पी०७५० ते पी०७६५ या पट्ट्यातले कोड सोलेनॉइडचे. चारही सोलेनॉइड एकाच पॅकमध्ये असतात आणि तो पॅकही बाहेरूनच बदलता येतो.

पी०७३१ ते पी०७३४ मात्र गंभीर. पहिल्यापासून चौथ्यापर्यंतच्या गिअरमध्ये गुणोत्तर जुळत नसल्याचे हे कोड. इथे कोणता क्लच कुठे राबतो हे माहीत असलं, की नुसत्या तर्कानेही गुन्हेगार सापडतो. अंडरड्राइव्ह क्लच पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये कामाला असतो. ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या-चौथ्यात. २-४ क्लच नावाप्रमाणे दुसऱ्या-चौथ्यात. लो-रिव्हर्स क्लच पहिल्यात आणि मागे जाताना, आणि रिव्हर्स क्लच फक्त मागे जाताना. आता तिसऱ्या आणि चौथ्याचा कोड आहे, पण पहिला-दुसरा बिनतक्रार, तर बोट ओव्हरड्राइव्हकडे जातं. पहिला आणि रिव्हर्स दोन्ही घसरतात, तर लो-रिव्हर्स. हे क्लच गिअरबॉक्सच्या पोटात असतात. त्यांच्यासाठी तो उतरवून उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

कोडइतकीच खरी साक्ष तेल देतं. गाडी सपाट जागी, चांगली तापलेली, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन चालू; लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून पार्कमध्ये आणा आणि मग डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेका. लाल आणि पारदर्शक डाग असेल तर उत्तम. तपकिरी डाग आणि जळका वास असेल तर क्लच घासले गेलेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत शिरलंय, आणि त्यावर गाडी चालवत राहणं म्हणजे उरलेले क्लचही घालवणं. तेल नुसतं कमी असलं तरी दाब पडतो आणि गिअर घसरतो, म्हणून आधी पातळी.

तेल भरायचं तर एटीएफ+४च. या गिअरबॉक्सच्या नावाला सुरुवातीच्या वर्षांत जो बट्टा लागला, त्यात डेक्सरॉन जातीच्या तेलाचाही वाटा होता. त्या तेलाचा क्लचवरचा पकडीचा गुण वेगळा. गाडी थरथरते आणि क्लच लवकर झिजतात. मागच्या वेळी कुणी कोणतं तेल भरलं हे ठाऊक नसेल तर तेल आणि फिल्टर बदलून घ्या. पॅनला ड्रेन प्लग नाही. सगळे बोल्ट काढून तो खाली घ्यावा लागतो, आणि एवढं करून एकूण साडेआठ लिटरपैकी चारेक लिटरच बदलतं. पॅनच्या तळाशी करडा, मऊ गाळ असला तर घाबरू नका, वयाप्रमाणे तो साठतोच. धातूचे चकचकीत तुकडे दिसले तर मात्र बाकीच्या सगळ्या चर्चा थांबवा.

राहिला तिसरा प्रश्न. बंद-चालू केल्यावर चारही गिअर बिनबोभाट पडतात, यावरून तुमचे क्लच पार संपलेले नाहीत असं दिसतं. पण एखादा संपत आलेला असू शकतो. म्हणून गॅरेजवाल्याला खोटं ठरवू नका, पुरावा मागा. ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरमधला कोड कागदावर लिहून घ्या, आणि तो वाचून होईपर्यंत बॅटरी काढू देऊ नका. कोड सेन्सरचा किंवा सोलेनॉइडचा आला तर आधी बॅटरीची टर्मिनल्स आणि कनेक्टर साफ करून बघा, मग तेवढाच भाग बदला. सोलेनॉइड पॅक नवा टाकला तर काही दिवस गिअर जरा धक्क्याने पडतील. कॉम्प्युटर क्लच भरायला लागणाऱ्या तेलाचा अंदाज नव्याने बांधत असतो. योग्य उपकरण असलेलं गॅरेज हे काम तिथल्या तिथे उरकून देतं. कोड गुणोत्तराचा आला आणि तेलही जळकं निघालं, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर. मग पंचवीस वर्षांच्या व्हॅनवर नवी व्हॅन परवडेल इतका नव्हे, तरी हजारांत जाणारा खर्च करायचा का, हे मुलांना विचारूनच ठरवा. निव्वळ हिशेबाने विचाराल तर मी नको म्हणेन.

तोवर हायवे टाळा. गाडी अडकलीच तर इंडिकेटर देऊन कडेला थांबा आणि मगच किल्ली फिरवा. चालत्या गाडीत इंजिन बंद केलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही फार वेळ टिकत नाही.