ऑनलाइन वर्गाचा पहिला आठवडा : आधी ओळख, मग अभ्यास



शाळा सुटलेल्या आदिवासी मुलामुलींना दहावीच्या परीक्षेला पुन्हा बसता येते. '17 नंबरचा फॉर्म' भरला की ती राज्य मंडळाची खासगी विद्यार्थी होतात. पण खासगी विद्यार्थ्याला रोजचा वर्ग नसतो आणि विचारायला शिक्षक नसतात. त्यात आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, आणि लेखी परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चमध्ये. अभ्यासाचे ऐन महिने बारडोलीकडच्या पडावावर जातात. तिथपर्यंत मुलांबरोबर जाऊ शकेल असा वर्ग एकच, तो म्हणजे फोनवरचा. म्हणून हा वर्ग सुरू कसा करावा याचा आज आपण अभ्यास करू.

तरुण संघातील मुले मला पहिला प्रश्न विचारतात : कोणते ॲप वापरायचे? ॲप कोणतेही चालते. मी पाहिले आहे की मुले गळतात ती पहिल्या आठ-दहा दिवसांत, गणिताचे पहिले सूत्र येण्याच्याही आधी. शाळेत बाक रिकामा दिसतो. फोनवर मूल गळाले तर आवाजही होत नाही. ज्याच्या घरात आधी कोणी दहावीपर्यंत पोहोचले नाही, त्याच्या मनात "हे आपले काम नव्हे" ही शंका तयारच असते. पहिल्या आठवड्यात कोणी नावाने विचारले नाही की ती शंका पक्की होते.

दूरशिक्षणातील जाणकारांनीही हा क्रम सांगितला आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात काम केलेल्या गिली सॅमन यांनी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ऑनलाइन शिक्षणाच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी विद्यार्थ्याला आत येता येणे आणि यावेसे वाटणे, दुसरी आपसातली ओळख. माहितीची देवाणघेवाण येते तिसऱ्या पायरीवर. पुढच्या दोन पायऱ्या म्हणजे मिळून ज्ञान उभे करणे आणि स्वतःच्या बळावर पुढे जाणे. आपण बहुधा थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. खाली पहिल्या दोन पायऱ्यांविषयीच लिहिले आहे.

1. वर्गाआधी फोन करा

वर्ग जुलैअखेर, पेरण्या-लावण्या आटोपल्यावर सुरू करावा. दिवाळीपर्यंतचे तीन महिने मुले घरी असतात. ओळख याच काळात होते, पडावावर गेल्यावर ती नव्याने होत नाही.

पहिल्या वर्गाच्या आधी प्रत्येकाला स्वतंत्र फोन करून वहीत पाच गोष्टी लिहून घ्याव्यात :
– फोन कोणाचा आहे? बहुतेक वेळा तो वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा असतो.
– तो घरी किती वाजता येतो?
– रिचार्ज कोण करते?
– नेटवर्क घरात येते की टेकडीवर जावे लागते?
– घरी कोणती भाषा बोलतात? पावरी, भिली, मावची की कोकणी?

या पाच उत्तरांवर वर्गाची वेळ ठरते. आधी वेळ ठरवून मग मुलांना बोलावले, तर ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे तेवढीच येतात, आणि त्यांत मुली थोड्या असतात.

मुलींच्या घरी ताईनेच फोन करावा आणि आधी आईवडिलांशी बोलावे. रात्री मुलीच्या हातात फोन आणि पलीकडे अनोळखी पुरुषाचा आवाज, हे कोणत्याही बापाला खटकेल. जमल्यास एकदा पाड्यावर जाऊन यावे. घरच्यांनी चेहरा पाहिला की फोन मुलीच्या हातात राहतो.

2. पहिला निरोप आवाजात पाठवा

लांबलचक सूचनापत्र पाठवू नये. एक मिनिटाचा आवाजातला निरोप पुरतो. त्यात तीनच गोष्टी असाव्यात : मी कोण, वर्ग केव्हा, आणि वर्ग चुकला तर काय करायचे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. "चुकला तरी पाठ पाच मिनिटांच्या आवाजात मिळेल, सवडीने ऐका," हे पहिल्याच दिवशी सांगितले की रिचार्ज संपलेले मूल लाजेने निघून जात नाही. निरोप आधी घरच्या भाषेत आणि मग मराठीत द्यावा. आपल्याला ती भाषा येत नसेल तर येणाऱ्या भावाला किंवा बहिणीला बोलायला सांगावे.

3. पहिल्या आठवड्यात जमेल असेच काम द्या

"शाळा का सोडलीस?" हा प्रश्न सर्वांसमोर कधीही विचारू नये. त्याच्या उत्तरात कर्ज असते, आजारपण असते, कधी लहानपणी झालेले लग्न असते. कॅमेरा सुरू करण्याची सक्ती नको. एका खोलीच्या घरात आई चुलीपाशी असते, भाऊ झोपलेला असतो. जात, धर्म, मंडळीशी नाते यांची चौकशी वर्गात नको. वर्ग सर्वांसाठी आहे, आणि तो घेण्यासाठी कोणी प्रार्थनेला आलेच पाहिजे अशी अट मनातही नको.

त्याऐवजी जे त्यांना येते तेच मागावे. अंगणातल्या किंवा शेतातल्या एका झाडाचा फोटो आणि त्याचे घरच्या भाषेतले नाव, एवढेच काम पहिल्या दिवशी द्यावे. दुसऱ्या दिवशी त्याच झाडाचे मराठी नाव, तिसऱ्या दिवशी इंग्रजी. मग एक बिघा शेतात किती बियाणे लागते, ते आवाजात सांगायला लावावे. त्यात भाषा येते आणि गणितही येते. शिवाय आपणही काही शिकवू शकतो हे मुलाला कळते. मुले एकमेकांची झाडे पाहतात आणि तेवढ्यात अनोळखीपणा मोडतो.

4. पाच मुलांमागे एक सोबती

शिक्षक एक असला तरी सोबती पुष्कळ हवेत. सोबत्याचे काम शिकवणे नव्हे. दोन दिवस मूल दिसले नाही तर त्याने फोन करायचा. पहिला शब्द "का आला नाहीस?" असा नसावा, "घरी सगळे बरे आहेत ना?" असा असावा. पडावावर तोड पहाटेपासून चालते, फोन बहुधा दुकानावर चार्ज होतो. गैरहजेरीमागे आळसच असेल असे धरू नये. गुणांची यादी सर्वांसमोर लावू नये, चूक एकट्याला सांगावी. मुलाने शंका विचारली तर दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर गेलेच पाहिजे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील मेंढपाळ आपल्याला ठाऊक आहे. तो कळपाला एकत्र हाक देत नाही. सोबत्याने तो अध्याय अधूनमधून वाचावा.

5. "बिचारी मुले" म्हणू नका

स्वागत म्हणजे सूट नव्हे. परीक्षेत मंडळाचा पेपर सर्वांना सारखाच असतो. वहीचा फोटो आठवड्यातून दोनदा मागावा, दर शनिवारी छोटी चाचणी घ्यावी. अपूर्णांक येत नसतील तर तसे स्पष्ट सांगावे आणि पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी. खोट्या शाबासकीवर वाढलेले मूल निकालाच्या दिवशी दुप्पट खचते. ओळख झाली की मूल कडक शब्दही ऐकते, म्हणून तर आधी ओळख.

मंडळीने काय करावे?

उपासनेचे सभागृह आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी उघडे ठेवावे, म्हणजे चार्जिंग आणि वाय-फाय मिळेल. जुना फोन द्यायचा तर त्यातली सगळी माहिती पुसून, चार्जरसह द्यावा. पैसे देता येत नसतील त्यांनी आठवड्याचा एक तास सोबती म्हणून द्यावा. फॉर्मची मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करते. ती चुकली तर वर्ष जाते, म्हणून प्रत्येक मुलाचा फॉर्म भरला गेला का, हे एका जबाबदार व्यक्तीने पाहावे. आणि एक विनंती : वर्गातल्या मुलांचे फोटो मागू नका. देणगीदाराला दाखवण्यासाठी ती शिकत नाहीत.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत नवीन आलेल्या माणसाला पहिल्या रविवारी कोण नावाने विचारते? पुढच्या रविवारी तो आला नाही तर कोणाच्या लक्षात येते?
2. आपल्या भागात शाळा सुटलेली किती मुले आहेत? त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का?
3. मदत करताना आपण कोणाला "बिचारा" म्हणतो? तो शब्द त्याने ऐकला तर त्याला काय वाटेल?
4. आपल्यापैकी सोबती कोण होईल? आजच्या सभेतच नावे लिहून घ्या आणि प्रत्येक नावापुढे पाच मुलांसाठी जागा मोकळी ठेवा.