बटणाची काच

कशेळ्याचा नाका तुम्हांला माहीत आहे. इथून एक रस्ता कर्जतला जातो, एक नेरळला, एक मुरबाडकडे आणि एक खांडसकडे. सकाळपासून गाड्यांची ये-जा असते. कुणी बाजाराला येतो, कुणी दवाखान्यात जातो. गावातल्या कितीतरी घरांची चूल आज गाडीवर पेटते. म्हणून बैलाची दुखणी जशी माहीत हवीत, तशी गाडीचीही दुखणी माहीत हवीत.

आज आपण गाडीच्या काचेविषयी वाचू.

पूर्वी गाडीच्या दरवाज्याला आतून एक हँडल असे. ते हाताने फिरवले की काच वर-खाली होई. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. ही गाडी मुंबईतच, कुर्ल्याला तयार होत असे. तिला असे हँडल होते. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. आता बहुतेक नव्या गाड्यांना बटण असते. बटण दाबले की काच आपली आपण चढते, उतरते. सोय मोठी झाली. पण हँडल मोडले तर डोळ्यांना दिसे. बटणाचे तसे नाही. बिघाड दरवाज्याच्या पोटात होतो. जे दिसत नाही, तिथे माणूस फसतो.

काकांची गोष्ट

आमच्या वर्गाला एक काका येतात. ते भाड्याची गाडी चालवतात. आषाढ लागला होता. पाऊस धो धो कोसळत होता. काकांनी भाडे उतरवले आणि पैसे घ्यायला काच खाली केली. पुन्हा बटण दाबले, तर काच वर येईना. दुसऱ्या बाजूचे बटण दाबले, तर तीही काच मेलेली! सीट भिजून चिंब झाली.

काका एका गॅरेजवर गेले. तिथल्या माणसाने दरवाजा उघडूनही पाहिला नाही. तो म्हणाला, "काका, दोन्ही मोटारी जळल्या. दोन्ही नव्या टाकाव्या लागतील."

काकांच्या पोटात गोळा आला. दोन मोटारी म्हणजे हजारांचा खर्च. गाडीचा हप्ता कुठून भरायचा?

संध्याकाळी ते वर्गात आले, ते तोंड पाडूनच. आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी सगळे सांगितले. वर्गात एक मावशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अवो दादा, घरातले दोन दिवे एकदम गेले, तर दोन्ही बल्ब उडाले म्हणता का? आधी फ्यूज बघता ना?"

मावशींनी कधी गाडीचे चाक हातात धरले नव्हते. पण त्यांचे बोलणे खरे होते. दोन वस्तू एकाच वेळी बंद पडल्या, तर दोघींना जोडणारी वस्तू आधी पाहावी.

दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी बंद केली. चावी काढली आणि फ्यूजच्या डबीचे झाकण उघडले. झाकणावर चित्र होते. कोणता फ्यूज कशाचा, ते त्यात दाखवले होते. इंग्रजी आकडे काका वर्गात शिकले होते. काचेच्या खुणेपुढे ३० लिहिले होते. तो फ्यूज त्यांनी ओढून काढला. आतली बारीक पट्टी तुटली होती. त्यांनी दुकानातून ३० चाच नवा फ्यूज आणून बसवला. बटण दाबले. काच सर्रकन वर आली! खर्च झाला चहापाण्याइतका.

पण फ्यूज उगाच जात नाही. म्हणून काकांनी दुसऱ्या मिस्त्रीला गाडी दाखवली. काच ज्या रबरातून सरकते, त्यात चिखल आणि भाताचे तूस भरले होते. काच अडे, मोटारीला जोर लावावा लागे. त्या ताणाने फ्यूज गेला होता. मिस्त्रीने रबर साफ करून दिले.

दरवाज्याच्या पोटात काय असते?

दरवाज्याच्या आत एक छोटी वीजमोटार असते. ती काचेची मशीन चालवते. मशीनला बहुधा तारेची दोरी असते. विहिरीवर दोर ओढला की बादली वर येते, तशी ही तार काचेला ओढते. काचेच्या दोन्ही कडांना रबराची खाच असते. बटणाकडून मोटारीकडे वीज नेणाऱ्या वायरी असतात. आणि वाटेवर फ्यूज पहारा करतो. वीज जास्त वाहू लागली की फ्यूज स्वतः तुटतो, पण आग लागू देत नाही.

म्हणून तुटलेल्या फ्यूजच्या जागी तार घालू नका. मोठ्या आकड्याचाही घालू नका. १० चा फ्यूज तांबडा असतो, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. जितक्याचा निघाला, तितक्याचाच घाला. नवा फ्यूजही लगेच गेला, तर वायर कुठेतरी उघडी पडली असू शकते. मग मिस्त्रीच हवा.

खूण ओळखा

मागच्याच काचा चालत नाहीत. चालकाच्या दरवाज्यावर काचा बंद ठेवायचे बटण असते. ते चुकून दाबले गेले आहे का, ते पाहा. त्याला खर्च नाही.

सगळ्या काचा एकदम बंद पडल्या. आधी फ्यूज पाहा.

एकच काच चालकाच्या बटणाने चालते, पण तिच्या स्वतःच्या बटणाने चालत नाही. मग मोटार चांगली आहे. बटण बिघडले आहे.

आतून घरघर आवाज येतो, पण काच हलत नाही. मोटार फिरते आहे. तार तुटली किंवा मशीन मोडली. बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. तार आणखी गुंतते.

काच हळू चढते, मध्येच थांबते. रबर ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. त्यावर सिलिकॉनचा फवारा मारतात. साधे तेल किंवा ग्रीस लावू नका. त्याला धूळ चिकटते आणि रबर खराब होते.

काहीच आवाज नाही. बटण, वायर किंवा मोटार, यांपैकी एक. दरवाजा रोज उघडतो, मिटतो. त्यामुळे बिजागरीजवळची वायर आतल्या आत तुटते. मोटार बदलण्याआधी ही वायर पाहायला सांगा.

मिस्त्रीकडे जाताना

आधी कारण विचारा, मग किंमत विचारा. "मोटारीला वीज येते का, ते मला दाखवा," असे म्हणा. चांगला मिस्त्री रागावत नाही. तो दिवा लावून दाखवतो. मोटार बदलली, तर जुनी मोटार परत मागा. काम झाल्यावर आतला प्लास्टिकचा कागद पुन्हा चिकटवायला सांगा. तो नसला तर पावसाचे पाणी गाडीत येते. दरवाज्याच्या तळाला पाणी जायची भोके असतात. ती मोकळी ठेवा.

पक्के बिल घ्या. वस्तूचे पैसे किती, मजुरी किती, हे वाचून पाहा. न वाचता पैसे देऊ नका. फसवणूक झाली, तर १९१५ हा सरकारचा ग्राहकांसाठीचा फोन आहे. तक्रार सांगताना बिल हाताशी ठेवा.

काच आणि जीव

काच ही केवळ वाऱ्यासाठी नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या पाण्यात अडकल्या. काही गाड्यांच्या काचा आणि दरवाजे उघडले नाहीत. आतली माणसे गुदमरून गेली.

आपल्याकडेही ओढे एका सरीत फुगतात. पुलावरून पाणी जात असेल, तर गाडी घालू नका. भाडे बुडाले तर उद्या मिळेल. तरीही पाण्यात सापडलात, तर पट्टा सोडा आणि लगेच काच उतरवा. पाणी चढल्यावर बटण दगा देते. काच उतरली नाही, तर टोकदार हातोडीने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. समोरची काच सहसा फुटून मोकळी होत नाही. म्हणून अशी हातोडी हाताला येईल अशी ठेवा.

आणखी एक. लहान मूल काचेतून डोके बाहेर काढते आणि गुडघा बटणावर पडतो. काच वर चढते आणि मानेला फास बसतो. म्हणून मुले बसली की काचा बंद ठेवायचे बटण दाबून ठेवा. उतरताना चावी काढा. मुलांना गाडीत एकटे सोडू नका.

छप्पर आपण मृगाआधी शाकारतो. गाडीच्या काचाही तेव्हाच तपासाव्यात.

सांगा पाहू

१. दोन्ही काचा एकदम बंद पडल्या, तर आधी काय पाहाल?
२. ३० च्या फ्यूजचा रंग कोणता?
३. फ्यूजच्या जागी तार का घालू नये?
४. मावशींनी काकांना कोणता दाखला दिला?

करा

ओळखीच्या गाडीवाल्याकडे जा. फ्यूजच्या डबीचे झाकण पाहा. त्यावरचे आकडे वाचून वहीत उतरवा.