इंग्रजीतील ‘इंग’ आणि मराठीतील ‘णे’
(इयत्ता सहावी ते आठवीच्या इंग्रजी अध्यापनासाठी)

इंग्रजी व्याकरणातील ‘जेरंड’ हे प्रकरण आले की पुष्कळ शिक्षक व्याख्या फळ्यावर लिहितात, मुले ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. यात मुलांचा दोष नाही. ज्या रूपाची ओळख त्यांना स्वभाषेत आधीपासून आहे, तेच रूप परके म्हणून त्यांच्यापुढे ठेवले जाते. ‘पोहणे’, ‘वाचणे’, ‘चालणे’ ही रूपे खेड्यातील मूल शाळेत येण्यापूर्वीच बिनचूक वापरत असते. या भांडवलावर इंग्रजीचा पाठ कसा उभारावा, याचा येथे विचार करू.

१. रूपाची ओळख

धातूपासून बनलेले व वाक्यात नामाचे कार्य करणारे ‘इंग’प्रत्ययान्त रूप म्हणजे जेरंड. मराठीत यास धातुसाधित नाम म्हणतात. ‘पोहणे हा चांगला व्यायाम आहे’ या वाक्यात ‘पोहणे’ हा कर्ता आहे. ‘स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज’ यात ‘स्विमिंग’चे स्थान तेच. परंतु ‘द बॉय इज स्विमिंग’ म्हणजे ‘मुलगा पोहत आहे’. येथे ‘स्विमिंग’ हे नाम नव्हे, क्रियापदाचा भाग होय.

एकच रूप दोन कामे का करते, असे चौकस विद्यार्थी विचारील. प्राचीन इंग्रजीत ही दोन रूपे भिन्न होती. क्रियेचे नाव सांगणारी नामे ‘उंग’ किंवा ‘इंग’ या प्रत्ययाने होत, तर ‘करणारा’, ‘करीत असलेला’ अशा अर्थाचे विशेषण ‘एंडे’ या प्रत्ययाने होई. मध्ययुगीन इंग्रजीत दोहोंचा शेवट ‘इंग’ असा एकच झाला. मराठीने मात्र ‘णे’ आणि ‘त’, ‘णारा’ हा भेद जपला आहे. म्हणून इंग्रजीत जो भेद डोळ्यांना दिसत नाही, तो मराठीच्या साहाय्याने दाखविता येतो.

फळ्यावर दोन शब्दसमूह लिहावेत : ‘ड्रिंकिंग वॉटर’ आणि ‘रनिंग वॉटर’. पहिले पिण्याचे पाणी, दुसरे वाहते पाणी. पाणी वाहते, पण पाणी पीत नाही; ते पिण्यासाठी असते. त्याचप्रमाणे ‘वॉकिंग स्टिक’ ही चालण्याची काठी, चालणारी काठी नव्हे. आणि ‘स्लीपिंग चाइल्ड’ हे झोपलेले मूल, झोपण्याचे मूल नव्हे. ‘चालणारी काठी’ म्हणताच वर्ग हसेल, आणि त्या हसण्यातच भेद पक्का होईल.

२. नाम असूनही क्रिया

हे रूप नाम असले तरी क्रियेचा स्वभाव सोडीत नाही; ते कर्म घेते. ‘रीडिंग बुक्स’ म्हणजे ‘पुस्तके वाचणे’. ‘द रीडिंग ऑफ बुक्स’ म्हणजे ‘पुस्तकांचे वाचन’. ‘वाचन’ शब्द येताच मराठीत षष्ठी आली, तसे इंग्रजीत ‘ऑफ’ आले. मराठी भाषिकाला याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण.

येथेच एका नेहमीच्या चुकीचे निराकरण होते. ‘बुक्स’ हे अनेकवचन पाहून मुले ‘रीडिंग बुक्स आर गुड’ असे लिहितात. त्यांना विचारावे : ‘पुस्तके वाचणे चांगले असते’ म्हणाल, की ‘चांगली असतात’? कर्ता पुस्तके नसून वाचणे आहे. म्हणून ‘रीडिंग बुक्स इज गुड’.

३. शब्दयोगी अव्ययाचा नियम

‘इन’, ‘ॲट’, ‘ऑफ’, ‘बिफोर’, ‘विदाउट’ अशा अव्ययांनंतर क्रिया आली तर ती ‘इंग’ घेऊनच येते. ‘जेवण्यापूर्वी हात धुवा’ याचे इंग्रजी ‘वॉश युअर हँड्स बिफोर ईटिंग’. ‘लिहिण्यात हुशार’ म्हणजे ‘गुड ॲट रायटिंग’. ‘वाचण्याची आवड’ असणारा मुलगा ‘फॉन्ड ऑफ रीडिंग’. ‘फॉन्ड टू रीड’ हे अशुद्ध होय.

मात्र मराठीचा आधार सर्वत्र पुरत नाही, हेही सांगावे. ‘न विचारता’ किंवा ‘जेवल्यावर’ यांत ‘णे’ दिसत नाही, तरी इंग्रजीत ‘विदाउट आस्किंग’ व ‘आफ्टर ईटिंग’ असेच म्हणावे लागते.

‘टू’ या शब्दाविषयी विशेष सावध राहावे. ‘आय वॉन्ट टू गो’ मधील ‘टू’ हे मूळ धातूचे चिन्ह आहे. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ मधील ‘टू’ हे अव्यय आहे. ओळखण्याची कसोटी सोपी आहे : पुढे ‘इट’ ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ चालते, म्हणून तेथे ‘इंग’ हवे. ‘आय वॉन्ट टू इट’ चालत नाही, म्हणून तेथे मूळ धातू हवा.

४. क्रियापदांच्या सवयी

‘वाचायला’, ‘खेळायला’ या मराठी रूपांमुळे मुलांचा ओढा ‘टू’कडे असतो. ‘मला खेळायला मजा वाटते’ याचे ते ‘आय एन्जॉय टू प्ले’ करतात. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’, ‘कीप’ ही क्रियापदे ‘इंग’च मागतात, ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’ ही ‘टू’ मागतात, ‘लाइक’ व ‘बिगिन’ यांना दोन्ही चालतात. येथे तर्क फारसा उपयोगी पडत नाही, वारंवार बोलण्याची सवयच कामी येते.

काही क्रियापदांत मात्र रूप बदलले की अर्थ पालटतो. ‘ही स्टॉप्ड टेकिंग मेडिसिन’ म्हणजे त्याने औषध घेणे बंद केले. ‘ही स्टॉप्ड टू टेक मेडिसिन’ म्हणजे तो औषध घेण्यासाठी थांबला. आपला विद्यार्थी उद्या शहरातील दवाखान्यात किंवा कारखान्यात काम करील आणि असेच एखादे वाक्य वाचील किंवा लिहील. तेथे ही गुणांची चूक राहत नाही, रुग्णाच्या प्रकृतीची होते. तसेच ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचे मला आठवते. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे मी आठवणीने कुलूप लावले.

५. वर्गातील क्रम

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे वरच्या इयत्तेत येईपर्यंत मुलांच्या कानांवरून ही रूपे पुष्कळदा गेलेली असतात. प्रथम तोंडी वाक्ये घ्यावीत : प्रत्येकाने ‘आय एन्जॉय’ म्हणून आपल्या आवडीची एक क्रिया सांगावी. पोहणे, झाडावर चढणे, गुरे चारणे, काहीही चालेल. नंतर फळ्यावर मराठी व इंग्रजी वाक्यांच्या जोड्या मांडाव्यात व नियम मुलांकडूनच काढून घ्यावा. पारिभाषिक नाव शेवटी सांगावे. २००२ सालच्या केंब्रिज इंग्रजी व्याकरणाने तर नाम व विशेषण या दोन्ही उपयोगांतील ‘इंग’रूपास एकच संयुक्त नाव दिले आहे. नावापेक्षा उपयोग महत्त्वाचा, हे यावरूनही ध्यानी यावे.

सरावासाठी प्रश्न

(अ) भेद सांगा : ‘सिंगिंग बर्ड’, ‘सिंगिंग लेसन’.
(आ) शुद्ध करा : ‘शी इज गुड ॲट टू ड्रॉ’, ‘ही फिनिश्ड to राइट’ यातील ‘टू राइट’.
(इ) इंग्रजीत सांगा : ‘न धावता चाला.’

उत्तरे : (अ) गाणारा पक्षी, गाण्याचा पाठ. (आ) ‘गुड ॲट ड्रॉइंग’, ‘फिनिश्ड रायटिंग’. (इ) ‘वॉक विदाउट रनिंग’.

ज्या मुलाला आपल्या बोलीतील ‘णे’चे सामर्थ्य कळले, त्याला इंग्रजीतील ‘इंग’ची भीती वाटण्याचे कारण उरत नाही. स्वभाषा ही परभाषेच्या वाटेवरील अडचण नसून तीच वाट दाखविणारी आहे, हा विश्वास शिक्षकाने आधी स्वतःच्या ठायी बाणवावा. म्हणजे तो वर्गात आपोआप उतरेल.