सर्वांची धाव

शर्यत म्हटली, की पहिला कोण आला हे आपण विचारतो. गावाची धाव निराळी. तीत लहान-थोर, बाया-बापे सगळे येतात. कोणी पळतो, कोणी चालतो.

समजा, अशी धाव वाईला घ्यायची आहे. कृष्णेच्या काठी ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. सरदार रास्ते यांनी ते १७६२ साली बांधले. तेथून निघावे. मेणवली सुमारे ३ किलोमीटर आहे. तेथला नाना फडणविसांचा वाडा व घाट पाहून परत फिरावे.

आधी नगरपरिषद व पोलीस यांची परवानगी काढावी. दवाखान्यात कळवावे. दर किलोमीटरला पाण्याचे पिंप ठेवावे. तांब्याने ओंजळीत पाणी घालावे, म्हणजे पेल्यांचा कचरा होत नाही. ऊन चढण्याआधी, उजाडताच निघावे.

छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबावे व जवळच्या माणसाला सांगावे. त्यात कमीपणा कसला?

निघण्याआधी प्रत्येकाने वहीत आपले नाव आपल्या हाताने लिहावे. सर्वांच्या मागे एक सायकलवाला असावा. त्याने कोणाच्याही पुढे जाऊ नये. परत आलेल्याच्या नावापुढे खूण करावी. शंभर निघाले आणि नव्व्याण्णव आले, तर बक्षिसे वाटू नका. आधी त्या एकाला शोधा. शेवटचा माणूस आला, म्हणजेच धाव पुरी झाली.

प्रश्न
१. वहीत नावे कशासाठी लिहावी?
२. सायकलवाला सर्वांच्या मागे का असावा?
३. तुमच्या गावची धाव कोठून कोठे न्याल? चार ओळी लिहा.